आकडा कुणाला विचारून?

१९१८ साली खेडा जिल्ह्यात शेतकरी आणि मुंबई इलाख्याचं सरकार यांच्यात जुंपली ती वरवर पाहता शेतसाऱ्यावरून. भांडणाचं मूळ मात्र एका आकड्यात होतं. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे. पीक चार आणे किंवा त्याहून कमी उतरलं, तर त्या वर्षीची सारावसुली तहकूब करायची, असा सरकारचाच नियम. शेतकरी म्हणत, यंदा पीक चार आण्यांच्या आत आहे. महसूल खात्याचे अधिकारी म्हणत, वर आहे. गांधीजी आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले, पिकाचा स्वतंत्र अंदाज काढला. सरकार तो मानेना, तेव्हा त्रयस्थ पंच नेमा अशी मागणी पुढे आली. पंच नेमणं म्हणजे सरकारच्या शब्दावर शंका घेणं, आणि ते सरकारला सोसण्यासारखं नव्हतं. २२ मार्च १९१८ रोजी नडियादला सत्याग्रह जाहीर झाला.

सत्याग्रहाचा इतिहास सांगताना हा आणेवारीचा तपशील बहुधा एका वाक्यात उरकला जातो. सरकारी आकडेवारीच्या इतिहासात मात्र त्याला मानाचं पान मिळायला हवं. ज्याचं पोट एखाद्या आकड्यावर अवलंबून आहे त्याला तो आकडा काढताना विचारायचं की नाही, हा प्रश्न भारतात तेव्हा रस्त्यावर आला आणि अजून पुरता घरी गेलेला नाही.

महाराष्ट्राच्या गावागावांत तो दर हंगामात भेटतो. आणे गेले, पैसे आले, आणेवारीची पैसेवारी झाली. खरिपात आधी नजर अंदाज पैसेवारी, मग सुधारित, शेवटी अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलतींचा रस्ता खुला. एकावन्न आली तर शेजारच्या गावाकडे बघत बसायचं. ही पैसेवारी ठरवायला गावपातळीवर समिती असते. महसूल आणि कृषी खात्याच्या कर्मचाऱ्यांबरोबर सरपंच, सोसायटीचे प्रतिनिधी, शेतकरी असे सगळे तिच्यात असतात. म्हणजे ज्याला आज जगभर ‘संबंधितांचा सल्ला’ म्हणून मोठ्या कौतुकाने सांगतात, तो आपल्या चावडीवर केव्हाचा बसलेला आहे. समिती प्रत्यक्ष बांधावर जाते की नुसत्या सह्या गोळा होतात, हे ज्या त्या गावाला ठाऊक. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पाऊस, उपग्रहाने टिपलेली हिरवाई, जमिनीतली ओल असे निकष पुढे आणले. उपग्रहाला गावकीचं राजकारण कळत नाही, हा त्याचा गुण. त्याला गावही कळत नाही, ही अडचण.

शेतकऱ्याला विचारा, असं म्हणणं सोपं आहे. पण पैसेवारीत शेतकऱ्याचा फायदा आकडा खाली असण्यात आणि सरकारी तिजोरीचा फायदा तो वर असण्यात. दोघेही निष्पक्ष नाहीत. मग अंदाजाऐवजी मोजणी करावी म्हणून पीक कापणी प्रयोग आले: चिठ्ठीच्या पद्धतीने शेत निवडायचं, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापून, मळून तोलायचं. पण तुकडा केवढा? १९४० च्या दशकात या साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर भारतातल्या दोन मोठ्या संख्याशास्त्रज्ञांची चांगलीच खडाजंगी झाली. कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे. त्यात खर्च कमी, वेळ कमी, नमुने जास्त. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं म्हणणं, लहान तुकड्यात आकडा फुगतो. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने कड लांब. कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, हे ठरवताना कापणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’ या शोधपत्रिकेत हे आकड्यांनिशी मांडलं. पुढे सरकारी प्रयोगांत मोठे तुकडे रुळले. आज अनेक पिकांसाठी दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा घेतात. पंतप्रधान पीक विमा योजनेत याच प्रयोगांवर भरपाई ठरते आणि विमा कंपनीच्या माणसाला तिथे हजर राहण्याची मुभा असते. हा वाद छापील पानांवर झाला, ज्याला हवा त्याला तपासता आला. महालनोबिसांचा दबदबा मोठा होता, तरी या मुद्द्यावर त्यांचं चाललं नाही.

दुसरी गोष्ट गिरणगावातली आहे.

मुंबई सरकारचं कामगार कार्यालय १९२१ साली सुरू झालं. कामगारांचा राहणीखर्च मोजणं हे त्याच्या मुख्य कामांपैकी एक. १९३२–३३ मध्ये शहरातल्या कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी झाली आणि तिच्यावरून जुलै १९३३ ते जून १९३४ हा काळ शंभर धरून निर्देशांक निघू लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून गिरणी कामगारांचा महागाई भत्ता या निर्देशांकाला जोडला गेला. मग निर्देशांक हा अर्थशास्त्राचा विषय उरला नाही, पगाराच्या पाकिटाचा झाला. निर्देशांक एका अंकाने खाली धरला गेला, तर त्याचे पैसे लाखो कामगारांच्या खिशातून जात.

१९६० च्या आसपासची मुंबई १९३३ च्या मुंबईसारखी राहिली नव्हती. मधल्या काळात युद्ध, रेशनिंग आणि फाळणीनंतरची गर्दी येऊन गेली होती. घरभाडं बदललं होतं, कापडाचे प्रकार बदलले होते. निर्देशांकाची टोपली मात्र तीच होती. केंद्राच्या श्रम ब्यूरोने १९५८–५९ मध्ये नव्याने कुटुंब पाहणी करून १९६० पायाभूत वर्षाची नवी मालिका आणली, तेव्हा जुन्या मालिकेला ती जोडायची कशी, हा प्रश्न उभा राहिला. कामगार संघटनांचा आक्षेप आणखी खोल होता: मुळात जुना निर्देशांकच बाजारातल्या महागाईपेक्षा कमी दाखवतो आहे, मग त्याला जोडलेली नवी मालिकाही तीच चूक पुढे नेणार. १९६३ मध्ये या मागणीने मुंबईत जोर धरला. राज्य सरकारने मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. १९६४ च्या अहवालात समितीने कामगारांचा मुख्य आक्षेप मान्य केला. निर्देशांक खरोखर कमी निघत होता आणि तो दुरुस्त करावा लागला.

या प्रकरणातली एक बाब फार बोलली जात नाही. चूक कार्यालयातल्या तज्ज्ञांच्या आधी बाजारात पिशवी घेऊन जाणाऱ्यांच्या लक्षात आली होती. त्यांना सूत्रं येत नसतील, पण दुकानात काय भावाने काय मिळतं हे त्यांना रोज कळत होतं. त्यांनी सांगितलं ते तज्ज्ञांनी तपासलं, पुराव्यावर पारखलं आणि मग स्वीकारलं. नुसत्या घोषणांवर निर्देशांक बदलला असता तर मालकांनी तो मानला नसता. नुसत्या तज्ज्ञांवर सोडला असता तर तो बहुधा बदललाच नसता.

त्यानंतर औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाभोवती अशा समित्यांची परंपराच तयार झाली. १९७८ चा अहवाल देणाऱ्या समितीचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेतले नीलकंठ रथ होते. वि. म. दांडेकरांबरोबर ‘भारतातील दारिद्र्य’ लिहिणारे ते हेच. कामगार, मालक आणि सरकार अशा तिन्ही बाजूंशी बोलून मालिका बदलायची, ही रीत पडली. १९८२ च्या मालिकेला मागच्या मालिकेशी जोडणारा गुणक ४.९३ होता, २००१ च्या मालिकेला ४.६३, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या २०१६ च्या मालिकेला २.८८. केंद्रांची संख्या १९६० च्या मालिकेत ५० होती ती ८८ झाली. बाहेरच्या माणसाला हे दशांश नीरस वाटतील. कामगार संघटनेच्या कार्यालयात मात्र यातला दुसरा दशांशही भांडून घेतला जातो आणि तिथल्या कार्यकर्त्यांना लकडावाला हे नाव अजून आठवतं.

विचारलं पाहिजे, हे इतकं पटल्यावर उलट बाजूही पाहायला हवी. सगळ्यांचं ऐकून सगळ्यांना खूश ठेवायचं ठरवलं, की आकड्याचं मातेरं होऊ शकतं. राष्ट्रीय नमुना पाहणीची ५५ वी फेरी हे त्याचं उत्तम उदाहरण. १९५० साली महालनोबिसांच्या पुढाकाराने सुरू झालेली ही पाहणी कुटुंबांना विचारत आली होती, की गेल्या तीस दिवसांत धान्य, डाळी, भाजी यांवर किती खर्च केला? नव्वदीच्या दशकात काही अभ्यासकांचं म्हणणं पडलं, की महिनाभराचं कुणाला आठवतं? सात दिवसांचं विचारा. सात दिवसांचं विचारलं की खर्च जास्त नोंदला जातो आणि गरिबी कमी दिसते, हेही प्रयोगात दिसून आलं होतं. दोन तट पडले. १९९९–२००० च्या फेरीत तोडगा निघाला तो असा, की एकाच कुटुंबाला दोन्ही विचारायचे, सात दिवसांचाही खर्च आणि तीस दिवसांचाही. घरच्या बाईने सात दिवसांचा आकडा सांगितला की तीस दिवसांचा सांगताना तीही मनात चौपट करणार, आणि प्रगणकही दोन्ही रकाने जुळतात का ते बघणार. दोन उत्तरं एकमेकांत मिसळली. १९९३–९४ चं सुमारे ३६ टक्के दारिद्र्य या फेरीत २६.१ टक्क्यांवर आलं. त्यातली किती घट खरी आणि किती प्रश्नपत्रिकेची, यावर पुढे कित्येक वर्षं जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी शोधनिबंध लिहिले. अँगस डीटन आणि व्हॅलेरी कोझेल यांनी संपादित केलेला ‘द ग्रेट इंडियन पॉव्हर्टी डिबेट’ हा जाडजूड ग्रंथ बराचसा या घोळातूनच जन्मला. सल्ला देणारे दोन्ही बाजूंचे लोक विद्वान होते, हेतू स्वच्छ होते. चुकला तो निर्णय न घेण्याचा निर्णय.

तेव्हा सल्ला कशावर घ्यायचा आणि कशावर घ्यायचा नाही, ही सीमा आखणं महत्त्वाचं. काय मोजायचं, कुठल्या प्रश्नाने, कुठल्या टोपलीने, कुठल्या तुकड्याने, यावर सगळ्यांना विचारावं: कामगार, मालक, शेतकरी, अभ्यासक, राज्य सरकारं आणि ज्यांच्या दारात प्रगणक जाणार ते. ऐकून शेवटी निर्णय सांख्यिकी संस्थेने घ्यावा, आणि एखादी सूचना नाकारली तर का नाकारली तेही लिहून ठेवावं. पण निघालेला आकडा प्रसिद्ध करायचा की नाही, आणि केव्हा, यावर कुणालाच विचारू नये. मंत्र्याला नाही, कामगार नेत्याला नाही, रोखे बाजारालाही नाही. तारीख आधी ठरलेली असावी आणि त्या दिवशी आकडा बाहेर पडावा. अधिकृत आकडेवारीची मूलतत्त्वं संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने १९९४ मध्ये स्वीकारली, आमसभेने २०१४ मध्ये त्यांवर शिक्कामोर्तब केलं, भारताच्या केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये ती अंगीकारली. ती ज्या कारणासाठी आहेत त्या कारणाला गावठी भाषेत एवढंच म्हणता येईल.

भारताचा अनुभव असा, की आपण ही सीमा नेमकी उलटी आखतो.

सल्ला देणाऱ्या मोठ्या माणसांची या देशाला कधी वाण नव्हती. १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष महालनोबिस, सदस्य पुण्याचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव, सल्ल्याला सायमन कुझ्नेट्स आणि रिचर्ड स्टोन असे परदेशी विद्वान. पुढे या दोघांनाही नोबेल मिळालं. २००० मध्ये सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. त्याने २००१ च्या अहवालात सरळ सांगितलं, की आकडेवारीवरचा लोकांचा विश्वास टिकवायचा तर कायद्याने स्थापन झालेला, स्वतंत्र राष्ट्रीय सांख्यिकी आयोग हवा. आयोग आला २००६ मध्ये, पण कायद्याने नाही, सरकारी ठरावाने. पहिले अध्यक्ष सुरेश तेंडुलकर. ठरावाने आलेल्या संस्थेचा मान सरकार ठेवेल तितकाच.

तो किती, हे जानेवारी २०१९ मध्ये कळलं. २०१७–१८ च्या नियतकालिक श्रमबल पाहणीचा अहवाल आयोगाने डिसेंबर २०१८ मध्ये मंजूर केला होता. सरकारने तो प्रसिद्ध केला नाही. आयोगाचे कार्यकारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. काही दिवसांत ‘बिझनेस स्टँडर्ड’ने आकडा छापला: बेरोजगारी ६.१ टक्के. अहवाल अधिकृतरीत्या बाहेर आला ३१ मे २०१९ रोजी, लोकसभेचे निकाल लागून गेल्यावर. आकडा तोच, ६.१ टक्के. आधीच्या पाहण्यांशी त्याची सरळ तुलना करता येत नाही, हा सरकारचा मुद्दा सर्वस्वी चुकीचा नव्हता; पद्धत बदलली होती. पण तो मुद्दा आकड्यासोबत छापायचा असतो, आकड्याऐवजी नाही. मार्चमध्ये १०८ अर्थशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञांनी आकडेवारीच्या स्वायत्ततेसाठी जाहीर निवेदन काढलं. त्याला उत्तर म्हणून १३१ सनदी लेखापालांनी प्रतिनिवेदन काढलं. नमुना पाहणीच्या पद्धतीवर सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा असं आजवर कुणाला सुचलं नव्हतं. १३१ ही संख्या १०८ पेक्षा मोठी आहे, एवढं मात्र मान्य करायला हवं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसरा प्रसंग घडला. २०१७–१८ च्या ग्राहक खर्च पाहणीत दरडोई खर्च २०११–१२ च्या तुलनेत ३.७ टक्क्यांनी घटल्याची बातमी फुटली. माहितीच्या दर्जात त्रुटी आहेत असं म्हणून केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने निष्कर्ष प्रसिद्धच न करण्याचं ठरवलं. त्रुटी असतीलही. मग कच्ची माहिती अभ्यासकांना द्या, ते त्रुटी शोधतील, अशी मागणी झाली; ती मान्य झाली नाही. पुढे डिसेंबरमध्ये प्रणव सेन यांच्या अध्यक्षतेखाली अर्थविषयक आकडेवारीसाठी स्थायी समिती नेमली गेली. २०२३ मध्ये तिच्या जागी सेन यांच्याच अध्यक्षतेखाली नवी समिती आली आणि २०२४ मध्ये तीही गुंडाळण्यात आली. राजीव लक्ष्मण करंदीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या सुकाणू समितीशी तिचं काम एकमेकांवर येतं, असं कारण दिलं गेलं. जनगणनेला उशीर का होतो, असा प्रश्न सदस्य बैठकीत विचारत होते, असं सेन यांनी तेव्हा सांगितलं होतं.

दडवलेल्या पाहणीची किंमत कोण मोजतं? तुमच्या गृहकर्जाचा हप्ता. खर्चाची नवी पाहणी नसल्यामुळे देशाचा ग्राहक किंमत निर्देशांक २०११–१२ च्या खर्चाच्या वजनांवरच चालत राहिला आणि त्यात खाद्यपदार्थांचं वजन जवळजवळ ४६ टक्के होतं. २०२२–२३ ची पाहणी आली तेव्हा दिसलं, की खेड्यातल्या कुटुंबाच्या खर्चातला अन्नाचा वाटा ५३ वरून ४६ टक्क्यांवर आणि शहरात ४३ वरून ३९ वर आलेला आहे. म्हणजे कांदा-टोमॅटो भडकले, की जुना निर्देशांक वाजवीपेक्षा जास्त उसळायचा. चार टक्के महागाईचं लक्ष्य सांभाळणारी रिझर्व्ह बँक त्याच निर्देशांकाकडे बघून व्याजदर ठरवत होती.

२०२५ मध्ये मात्र वारं थोडं बदललेलं दिसलं, हे नोंदवणं न्यायाचं आहे. नव्या निर्देशांकाच्या तयारीत मंत्रालयाने चर्चापत्रं काढून लोकांकडून मतं मागवली. त्यातला एक प्रश्न कुठल्याही घरात तासभर गप्पा रंगवेल असा आहे. रेशनवर मिळणारा तांदूळ-गहू फुकट झाला, तर निर्देशांकात त्याची किंमत शून्य धरायची का? शून्य धरली तर पहिल्याच महिन्यात महागाई धाडकन पडल्यासारखी दिसते, आणि उद्या सरकारने एक रुपया किलो लावला तर वाढ किती टक्के म्हणायची? वगळून टाकलं तर गरीब घराच्या ताटातला मोठा घास मोजणीतून जातो. याला एकच बिनचूक उत्तर नाही. अशा ठिकाणी आधी विचारणं, उत्तरं मांडणं आणि मग कारणासह एक पर्याय निवडणं, हीच विश्वासार्हता. २०२४ हे पायाभूत वर्ष धरणारी नवी मालिका या वाटेने आली.

परदेशांत सगळं आलबेल आहे, असं समजायचं कारण नाही. ब्रिटनमध्ये किरकोळ किमतींचा जुना निर्देशांक, आरपीआय, सूत्रातल्या दोषामुळे महागाई जास्त दाखवतो, हे सर्वमान्य झालं होतं. २०१२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकीतज्ज्ञांनी लोकांची मतं मागवली आणि बहुसंख्यांनी बदल नको म्हटल्यावर २०१३ मध्ये तो तसाच ठेवला. पण राष्ट्रीय आकडेवारीचा दर्जा काढून घेतला. नको म्हणणाऱ्यांत या निर्देशांकाशी जोडलेले सरकारी रोखे बाळगणारे होते, ज्यांना फुगलेला आकडा फायद्याचा होता. रेल्वेचं तिकीट आणि विद्यार्थ्यांचं कर्ज मात्र त्याच फुगलेल्या आकड्याने वाढत राहिलं. २०१९ मध्ये तिथल्या लॉर्ड्स सभागृहाच्या समितीने या कारभाराचे कान टोचले. दुरुस्ती अमलात यायची आहे २०३० मध्ये. ज्यांचा पैसा गुंतला आहे त्यांचाच सल्ला निर्णायक ठरला की असं होतं. याच देशात २०२२ च्या जानेवारीत जॅक मन्रो या लेखिकेने जाहीर तक्रार केली, की दुकानातले सर्वांत स्वस्त पदार्थ सरासरीपेक्षा कितीतरी जास्त महागलेत. सांख्यिकी कार्यालयाने ती झटकली नाही. मे महिन्यात तीस स्वस्त पदार्थांच्या किमतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची सरासरी वाढ एकूण खाद्यपदार्थांइतकीच, सहा ते सात टक्के निघाली. पण पास्ता पन्नास टक्क्यांनी महागला होता. तक्रार करणारीही थोडी बरोबर, कार्यालयही थोडं बरोबर, आणि सगळं कागदावर.

अर्जेंटिनाने याचं दुसरं टोक दाखवलं. २००७ मध्ये तिथल्या सरकारने किंमत निर्देशांकाच्या प्रमुख ग्रासिएला बेवाक्वा यांना हटवलं, महागाईचे सरकारी आकडे खाली आले, आणि स्वतंत्र अंदाज छापणाऱ्या खासगी सल्लागारांना दंड झाले. मग विरोधी पक्षाचे खासदार ते अंदाज संसदेच्या नावाने प्रसिद्ध करू लागले. २०१३ मध्ये नाणेनिधीने त्या देशाच्या आकडेवारीवर जाहीर ताशेरे ओढले. अमेरिकेत २०२५ च्या सुरुवातीला अर्थविषयक आकडेवारीची सल्लागार समिती बरखास्त झाली आणि १ ऑगस्टला नोकऱ्यांचे आकडे आवडले नाहीत म्हणून श्रम सांख्यिकी विभागाच्या आयुक्त एरिका मॅकएंटार्फर यांना काढून टाकण्यात आलं.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर सल्ला उशिरा घेतल्याची ताजी किंमत ओबीसी आरक्षणात मोजली गेली. स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या आरक्षणासाठी राज्याला आकडे हवे होते. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेतली माहिती द्या, म्हणून महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्र दिलं, की ती माहिती वापरण्याजोगीच नाही. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती होत्या. या गणनेत ४६ लाखांहून अधिक नोंदल्या गेल्या. महाराष्ट्रात अधिसूचित जाती ४९४, नोंदी सव्वाचार लाखांवर. कारण उघड आहे. जातींची प्रमाण यादी आधी तयारच केलेली नव्हती. ज्याने जे सांगितलं, प्रगणकाने जे जसं लिहिलं, ते तसं चढलं. पोटजात, आडनाव, गोत्र, गावाचं नाव, सगळं एका रकान्यात. समाजांच्या संघटना, मानववंशशास्त्रज्ञ, राज्यांचे मागासवर्ग आयोग यांच्याशी आधी बसून यादी पक्की केली असती, तर त्या गणनेचा हा भाग वाया गेला नसता.

मग मार्च २०२२ मध्ये राज्याने जयंत बांठिया आयोग नेमला. बांठिया २००१ च्या जनगणनेचे आयुक्त राहिलेले, म्हणजे मोजणीचा माणूस. पण हातात वेळ कमी. मतदारयाद्यांतल्या आडनावांवरून ओबीसी ओळखण्याची वाट धरली गेली. एकच आडनाव अनेक जातींत असतं, हे महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ठाऊक. ओबीसी नेत्यांनी आणि संघटनांनी लगेच आक्षेप घेतला. आयोगाने ओबीसींचं प्रमाण ३७ टक्के काढलं. २० जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अहवालाच्या आधारे निवडणुका घ्यायला वाट मोकळी केली. आकड्यावर विश्वास बसला का, हे ज्याने त्याने आपल्या तालुक्यात विचारून पाहावं.

आता जनगणना पुन्हा येते आहे. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भतारीख, आणि १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची नोंद तिच्यात व्हायची आहे. जनगणनेआधी आकडे वापरणाऱ्यांची परिषद भरवून प्रश्नावलीवर चर्चा करायची, ही जुनी चांगली पद्धत आहे. या खेपेला तिच्यात प्राध्यापक आणि सचिव यांच्याबरोबर प्रत्यक्ष दारोदार जाणाऱ्या शिक्षकांना आणि भटक्या-विमुक्तांच्या संघटनांना बसवायला हवं; रकान्यात काय लिहिलं जाणार हे त्यांच्याइतकं कुणालाच सांगता येणार नाही.

आणि रंगराजन आयोगाने २००१ मध्ये मागितलेला तो कायदा? राष्ट्रीय सांख्यिकी आयोग विधेयकाचा मसुदा मंत्रालयाने डिसेंबर २०१९ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी खुला केला होता. कायदा अद्याप झालेला नाही.